दिवेखोलीतला पूर

सगळ्यात आधी सांगून टाकते, पूर मी आणलेला नाही. कॉलनीतले काही लोक अजून माझ्याकडे असं बघतात की जणू मीच बादल्या भरून ओतल्या. मला फक्त एक खिळा ठोकायचा होता.

खिळा म्हणजे साधा, करंगळीएवढा. त्यावर सायकलचे टायर टांगायचे होते. कारण मला सायकल दुरुस्तीचं दुकान काढायचं होतं, आणि दुकानात टायर जमिनीवर पडलेले असले की गिऱ्हाईक आत येताना अडखळतं, आणि अडखळलेलं गिऱ्हाईक घासाघीस जास्त करतं. हे मला कुणी शिकवलेलं नाही. मी शाळा सोडलेली आहे. का सोडली ते विचारू नका. ज्यांनी विचारलं त्यांना उत्तर मिळालं, आणि त्यांनी पुन्हा विचारलेलं नाही.

आमचे बाबा स्टेशनात पॉइंट्समन. गाडी आली की सांधे बदलायचे, झेंडा दाखवायचा, आणि बाकी वेळ गप्प बसायचं. बाबा गप्प बसण्यात पटाईत. त्यांनी मला एवढंच सांगितलं होतं, शाळेचं नवं वर्ष सुरू व्हायच्या आत दुकान उभं राहिलं तर ठीक. नाहीतर परत त्याच वर्गात, त्याच बाकावर, दोन-दोन वर्षांनी लहान पोरांच्या शेजारी. मी भांडायला लागले, तर ते झेंडा घेऊन निघून गेले. झेंडा असलेल्या माणसाशी भांडता येत नाही.

जागा मी शोधली होती. प्लॅटफॉर्मच्या टोकाला दिवेखोली आहे. पूर्वी सिग्नलचे कंदील तिथे ठेवायचे, वाती कापायचे, तेल भरायचे. विजेचे सिग्नल आले आणि खोलीला कुलूप लागलं. किल्ली बाबांकडे असायची, म्हणून आम्ही भावंडं लहान असताना तीच आमची खेळायची खोली. स्टेशनमास्तरांनाही कल्पना पटली. स्टेशनाबाहेर रोज साठेक सायकली लागतात, त्यातल्या दहा तरी पंक्चर असतात. ते म्हणाले, घे खोली, कागद मी बघतो, फक्त एक लक्षात ठेव, आपलं स्टेशन वारसा यादीत आहे, कशाला हात लावायचा तर समितीची परवानगी.

आता या स्टेशनाचं थोडं सांगायला हवं. दीडशे वर्षांचं काळ्या दगडाचं स्टेशन. बिडाचे खांब, छताला लाकडाची झालर, दोन-दोन प्रतीक्षालयं, आणि प्लॅटफॉर्म एवढा लांब की आमची पॅसेंजर त्यावर उभी राहिली की मोठ्या भावाचा शर्ट घातल्यासारखी दिसते. दिवसाला दोन पॅसेंजर थांबतात. बाकीच्या गाड्या शिट्टी मारून जातात. एवढं मोठं बांधलं कशाला, तर इथे जंक्शन होणार होतं. मग जंक्शन दुसरीकडेच झालं. का झालं ते कुणाला माहीत नाही. आमच्या शेजारी निवृत्त भूगोल सर राहतात, ते वीस वर्षं या एकाच प्रश्नावर पुस्तक लिहितायत. पहिली अकरा प्रकरणं लिहून झालीत, बारावं अडलंय. बाराव्याचं नाव 'कारण'.

तर खिळ्यासाठी अर्ज. मला वाटलं चिठ्ठी लिहावी लागेल. चार पानांचा फॉर्म आला. खिळ्याचा धातू. खिळ्याची लांबी. भिंतीत जाणारा भाग किती, बाहेर राहणारा किती. हेतू. आणि शेवटी, खिळा काढल्यावर भिंत पूर्ववत करण्याची योजना. सोबत खिळ्याचं चित्र तीन बाजूंनी: समोरून, बाजूने, वरून. वरून खिळा म्हणजे एक ठिपका असतो. मी ठिपका काढला. फॉर्म परत आला, ठिपक्याखाली शेरा होता: 'प्रमाण लिहावे.' मी लिहिलं, जेवढा ठिपका तेवढाच खिळा. तोही परत आला. तिसऱ्या वेळी आईने फॉर्म माझ्या हातातून काढून घेतला, कारण हेतूच्या रकान्यात मी जे लिहिलं होतं ते पाठवण्यासारखं नव्हतं.

कॉलनीत बातमी पसरली. शेजारच्या काकू म्हणाल्या, खिळा कशाला, दोरी बांध. दोरी कशाला बांधू, तर म्हणे खिळ्याला. मला रागावता येतं, पण काकूंवर रागावून उपयोग नसतो. त्या आपल्याला पाणी आणून देतात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात. भूगोल सर म्हणाले, परवानगी मागायलाच नको होती, मागितली की लोकांचं लक्ष जातं. हा एकच सल्ला बरोबर होता आणि तो फॉर्म पाठवल्यावर मिळाला.

कारण लक्ष गेलं. समितीच्या असं ध्यानात आलं की दहा वर्षांपूर्वी स्टेशनाची यादी केली तेव्हा दिवेखोलीला कुलूप होतं, आणि तिची नोंद राहून गेलीय. मग खिळा राहिला बाजूला आणि यादीवाले साहेब आले.

यादीवाले साहेब म्हणजे बारीक, चष्मा कपाळावर, गळ्यात टेप. चांगला माणूस हो, ते कबूल करते. प्रत्येक वस्तूकडे असं बघायचे की जणू ती त्यांची हरवलेली मावशी. तेलाचा डबा, नोंद. वाती कापायची कात्री, नोंद. मी आत ठेवलेला माझा पंप, तोही नोंद करत होते, मी हातातून ओढून घेतला. मग ते दाराकडे वळले आणि चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणला.

दिवेखोलीचं दार जाड सागवानी. त्याच्या आतल्या बाजूला, डावीकडे आणि उजवीकडे, एकावर एक आडव्या रेघा कोरलेल्या आहेत. प्रत्येक रेघेशेजारी ठिपके. खालच्या रेघेला पाच ठिपके, वरच्या रेघेला सहा, मग सात, असे वाढत जाणारे. मी त्या रेघा इतक्या वर्षांत इतक्यांदा बघितल्यात की मला त्या दिसतही नाहीत.

साहेब गुडघ्यावर बसले. टेप लावली. फोटो काढले. कुजबुजत्या आवाजात त्यांनी स्टेशनमास्तरांना विचारलं, इथे नदी कुठे आहे?

नदी नाही. स्टेशनामागे एक ओढा आहे, त्यात बेडूक बसला तर त्याची पाठ कोरडी राहते.

"आज नसेल," साहेब म्हणाले. "पण होती. या पुराच्या पातळीच्या खुणा आहेत. ठिपके म्हणजे पाणी किती दिवस राहिलं ते. बघा, दर पुराला पाणी चार बोटं वर आणि एक दिवस जास्त. दोन बाजूंना दोन मालिका, म्हणजे दोन नद्या."

मला आधी हसू आलं. हसले असते तर सगळं तिथेच मिटलं असतं. पण मी दाराबाहेर उभ्या बाबांकडे बघितलं, आणि त्यांचा चेहरा बघून माझं हसू आत गेलं.

त्या रेघा म्हणजे दादा आणि मी. डावीकडे दादा, उजवीकडे मी. आमच्या क्वार्टरचं दार पत्र्याचं, त्यावर काही कोरता येत नाही. आणि वाढदिवसाला बाबा हमखास ड्यूटीवर. मग आई आम्हाला स्टेशनात आणायची, बाबा दिवेखोलीच्या दाराशी उभं करायचे आणि डोक्याशी खिळ्याने रेघ ओढायचे. ठिपके म्हणजे वय. दादाच्या सतरा ठिपक्यांपर्यंत आहेत, मग तो नोकरीला शहरात गेला. माझ्या चौदापर्यंत. त्यानंतर मी शाळा सोडली आणि बाबांनी रेघ ओढायचं सोडलं. त्यावर आमच्यात कधी बोलणं झालं नाही.

घरी गेल्यावर मी म्हटलं, उद्या जाऊन सांगून टाकू. आईने दार लोटून घेतलं. म्हणाली, बाबांच्या निवृत्तीला दीड वर्ष राहिलंय. चौतीस वर्षांत एक लाल शेरा नाही. आणि आता काय लिहून द्यायचं, की रेल्वेच्या मालमत्तेवर, वारसा यादीतल्या दारावर, खिळ्याने रेघोट्या मी मारल्या, एक नाही, तेवीस? बाबा पाणसळ घेऊन गॅसची शेगडी सरळ आहे का बघत बसले.

हे पाणसळीचं राहिलंच. बाबा आधी रूळ-दुरुस्तीच्या गँगमध्ये होते. तिथली सवय, पाणसळ कायम जवळ. काचेच्या नळीत बुडबुडा, तो बरोबर मध्ये आला की वस्तू सपाट. आमच्या घरात फोटोची चौकट, फळी, टेबल, सगळं बुडबुड्याने तपासलेलं. काळजी असली की बाबा जास्त तपासतात. त्या आठवड्यात त्यांनी शेगडी चार वेळा सरळ केली.

म्हणून मी गप्प बसले. मी. दोन आठवडे. कुणाला माझी ओळख असेल तर त्याला कळेल हे काय आहे.

मी गप्प बसले आणि पूर वाढत गेला. समितीचं पत्र आलं: दार अत्यंत महत्त्वाचं, दिवेखोली सील, आणि परिसर पूरप्रवण असल्यामुळे तिथे दुकानाला परवानगी देता येत नाही. शाळा सुरू व्हायला वीस दिवस होते. माझे टायर आमच्या पलंगाखाली, पंप मोरीत, आणि माझा पूर सरकारी कागदावर.

आणि मग लोकांना तो आठवायला लागला. याचा मला सगळ्यात जास्त राग आला. काकू म्हणाल्या, अगं हो, सासूबाई सांगायच्या, त्यांची ट्रंक वाहून गेली होती पुरात. हीच ट्रंक परवा-परवापर्यंत त्यांच्या नणंदेने ढापलेली होती. पार्सल क्लार्कला आठवलं की त्याचे आजोबा होडीतून ड्यूटीला यायचे. स्टेशनमास्तरांनी तिकिटांचे जुने गठ्ठे माळ्यावर चढवले आणि स्वतःची खुर्ची दोन विटांवर ठेवली. खाली बसलेल्या माणसाला त्यांच्याशी बोलताना मान वर करावी लागायची, आणि मला वाटतं ते त्यांना आवडायला लागलं होतं.

पण कहर केला भूगोल सरांनी. वीस वर्षांनी त्यांना 'कारण' सापडलं. पूर. पुरामुळे जंक्शन गेलं. सर रात्रंदिवस लिहीत होते. मला गच्चीवरून हाक मारून सांगायचे, अगं, नऊ आणि दहा ठिपक्यांच्या रेघा जवळजवळ चिकटलेल्या आहेत, म्हणजे त्या वर्षी पाऊस कमी झाला असणार.

"सर, त्या वर्षी मला टायफॉइड झाला होता," मी ओरडले.

सर म्हणाले, साहजिक आहे, पुराच्या पाण्याने रोगराई होतेच.

मग आली ट्यूब. पोहायची, लाल-पांढरी, फुगीर, बुडणाऱ्याला टाकायची. सुरक्षा खात्याने पाठवली. दोन माणसं आली, दिवेखोलीचं सील काढलं, भिंतीत ठाक-ठाक करून खिळा ठोकला, चांगला बोटभर, आणि त्यावर ट्यूब टांगली. मी विचारलं, खिळ्याची परवानगी? ते म्हणाले, सुरक्षेला परवानगी लागत नाही. कुठला धातू आहे? त्यांना माहीत नव्हतं. वरून कसा दिसतो याचं चित्र काढलंय का? त्यांनी सील परत लावलं आणि मला घरी जायला सांगितलं.

त्या खिळ्याने माझं डोकं फिरलं. माझ्या खिळ्याला चार पानं, आणि न आलेल्या पुराच्या खिळ्याला पान नाही. मी ठरवलं, बस झालं. समितीची सुनावणी आठ दिवसांवर होती, अध्यक्षबाई स्वतः येणार होत्या. मी सांगणार की रेघा माझ्या उंचीच्या आहेत आणि मीच मारल्या. बाबांचं नाव घ्यायचं नाही. पुरावा फक्त हवा होता. उंचीचा पुरावा कुठे असतो? शाळेत. दर वर्षी आरोग्य तपासणीत मोजायचे आणि कार्डावर लिहायचे.

ज्या फाटकातून मी दोन वर्षांपूर्वी 'परत येणार नाही' असं मोठ्याने सांगून बाहेर पडले, त्याच फाटकातून आत. शिपाईमामांनी मला बघितलं, घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाले, उशीर झाला.

मोठ्या बाईंनी माझी गोष्ट शांतपणे ऐकली. मग रजिस्टर काढलं. म्हणाल्या, माजी विद्यार्थिनीला कार्ड देता येतं, पण दाखला काढलेला असला तर. तू दाखला कुठे काढलास? तू नुसती निघून गेलीस. पटावर तुझं नाव आहे. तू विद्यार्थिनीच आहेस, दोन वर्षं गैरहजर. आणि चालू विद्यार्थिनीला कार्ड मिळतं, पण हजर असली तर.

म्हणजे वर्गात बसायचं. शाळा सुरू व्हायच्या आधीचे जादा तास चालू होते. मी लहान पोरांच्या मध्ये, गुडघे बाकाला घासत बसले. शेजारचा पोरगा मला ताई म्हणाला आणि विचारलं, तुम्ही तपासणीला आलात का? फळ्यावर लिहिलं होतं: 'आपल्या स्टेशनाचा महापूर.' खाली दोन नद्या काढलेल्या, निळ्या खडूने, आणि आमच्या कॉलनीच्या जागी एक होडी. नव्या बाई शिकवत होत्या की डावीकडची नदी जास्त खोल, सतरा दिवस पाणी.

डावीकडची नदी म्हणजे दादा. दादाला पोहतासुद्धा येत नाही.

मी दहा मिनिटं टिकले. मग उभी राहून जे बोलायचं ते बोलले आणि वर्गाबाहेर गेले. पण हजेरी लागली होती. मोठ्या बाईंनी खिडकीतून सगळं पाहिलं असणार, कारण कार्ड देताना त्यांच्या ओठांचा कोपरा हलत होता. म्हणाल्या, मन लावून शोधलंस हे कार्ड, अभ्यासात एवढं शोधलं असतंस तर. पुढचं मी ऐकलं नाही, मी पळत होते.

सुनावणी दिवेखोलीतच झाली. अध्यक्षबाई पांढऱ्या केसांच्या, हातात काठी, नजर अशी की खोटं बोलायच्या आधीच पकडलं जावं. त्यांच्या एका बाजूला यादीवाले साहेब, दुसऱ्या बाजूला स्टेशनमास्तर, दारात भूगोल सर आपलं बारावं प्रकरण छातीशी धरून, आणि मागे काकूंसकट अर्धी कॉलनी. बाबांची ड्यूटी होती. मुद्दाम मी तीच वेळ मागितली होती.

मी कार्ड वाचलं. टेप लावली. सहा ठिपके, सातवा, आठवा, कार्डावरचा आकडा आणि दारावरची रेघ, अर्धा-पाऊण सेंटिमीटर इकडेतिकडे. नऊ आणि दहाला तर पाऊस नाही पडला, टायफॉइडच पडला. कार्डावर डॉक्टरांनी तसं लिहिलंच होतं. यादीवाले साहेब पांढरे पडत चालले होते. मला त्यांची दया आली, पण थोडीच.

"आणि रेघा कुणी मारल्या?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"मी."

"पाच वर्षांची असताना? स्वतःच्या डोक्यावर?"

मी हो म्हटलं. त्यांनी स्टेशनमास्तरांकडून एक पेन्सिल आणि पुठ्ठा घेतला, तो भिंतीला लावला, आणि म्हणाल्या, दाखव बरं. मी पुठ्ठ्याला पाठ टेकली, हात डोक्यामागे नेला आणि रेघ मारली. वळून बघितलं तर रेघ नव्हतीच, चढ होता. सायकल उतरताना ब्रेक लागला नाही तर जसा असतो तसा.

यादीवाल्या साहेबांच्या गालावर पुन्हा रंग आला. "माझा मुद्दा हाच आहे," ते म्हणाले. "या रेघा बघा. तेवीस रेघा, एकही तिरकी नाही. माणसाचा हात असा सरळ चालत नाही. एवढी सरळ रेघ फक्त पाणी मारतं."

"पाणी नाही," मागून आवाज आला. "पाणसळ."

बाबा होते. एका हातात गुंडाळलेला झेंडा, दुसऱ्या हातात पाणसळ. गाडी सुटायला वेळ होता, म्हणून आले होते. मी डोळ्यांनी त्यांना जा म्हणत होते, आणि ते माझ्याकडे बघतच नव्हते.

"मुलांच्या डोक्यावर ठेवायचो," बाबा म्हणाले. "बुडबुडा मध्ये आला की खिळ्याने ओढायचो. दार रेल्वेचं आहे ते ठाऊक होतं. काय शेरा मारायचा तो माझ्यावर मारा. पोरीचं दुकान अडवू नका."

बाबा एका दमात एवढं बोललेले मी पहिल्यांदाच ऐकले. काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि तेवढंच पाणी त्या खोलीत आजवर आलंय.

अध्यक्षबाई काठी टेकत दाराजवळ गेल्या. बोट ठेवत एक-एक रेघ चढल्या. चौदाच्या रेघेवर थांबल्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, आता किती वर्षांची? सोळा. मग पुढच्या का नाहीत?

मी म्हणाले, मी शाळा सोडली. हे मी बाबांकडे न बघता म्हणाले.

"त्याचा काय संबंध?" बाबा म्हणाले. ते खरोखरच गोंधळले होते. "दोन्ही वर्षी मी खिळा घेऊन इथे उभा होतो. हिला निरोप धाडला होता. ही कुठली येतेय. आलीच असती तरी दोन मिनिटं एका जागी उभी राहील तर शपथ. बुडबुडा मध्ये यायला वेळ लागतो."

निरोप आला होता. आई म्हणाली होती, बाबांनी स्टेशनात बोलावलंय. मला वाटलं, शाळेबद्दल बोलायला. दोन्ही वर्षी मी सायकल घेऊन उलट्या दिशेला गेले होते.

निकाल पत्राने आला. खरं तर पत्रं तीन आली, एकाच दिवशी. पहिलं मला: परिसर पूरप्रवण नाही, दुकानाला परवानगी आहे, खिळ्याच्या अर्जावर विचार चालू आहे. दुसरं बाबांना, खात्याकडून: मालमत्तेला इजा केल्याबद्दल तोंडी समज देण्यात येत आहे. तोंडी समज लेखी कशी देतात ते मला विचारू नका. तिसरं बाबांनाच, समितीकडून: कर्मचारी कुटुंबाच्या जीवनाची दुर्मिळ नोंद जपल्याबद्दल आभार, दार यादीत कायम. बाबांनी दोन्ही पत्रं एका चौकटीत लावली आणि चौकट पाणसळीने सरळ केली.

तिसऱ्या पत्रात शेवटी एक ओळ होती, की मालिका अपुरी आहे, पूर्ण करायची असल्यास रीतसर अर्ज करावा. ज्या माणसाने चौतीस वर्षांत साधी रजा मागायलाही अर्ज केला नव्हता, त्याने चार पानांचा फॉर्म भरला. मी चोरून वाचला. काम: एक आडवी रेघ. लांबी: दोन इंच. वरून, समोरून आणि बाजूने चित्र, तिन्ही एकसारखी. आणि हेतूच्या रकान्यात एकच शब्द: 'मुलगी.'

तो फॉर्म एकदाही परत आला नाही. अट एवढीच, रेघ पेन्सिलीने आणि यादीवाल्या साहेबांच्या समोर.

दुकान शाळेच्या तीन दिवस आधी सुरू झालं. माझा खिळा अजून विचाराधीन आहे. पण सुरक्षा खात्याचा आहेच. त्यावर त्यांची लाल-पांढरी ट्यूब आहे आणि तिच्यावर माझ्या सायकलच्या ट्यूबा. ट्यूब म्हणजे ट्यूब, कुणाला फरक कळत नाही.

रेघेच्या दिवशी सकाळची पॅसेंजर गेल्यावर सगळे जमले. साहेब वही घेऊन, आई, काकू, आणि आपलं प्रकरण अजून न फाडलेले भूगोल सर. मी दाराला टाचा टेकवल्या. बाबांनी माझ्या डोक्यावर पाणसळ ठेवली. ती थंड होती, आणि मला आठवलं होतं त्यापेक्षा हलकी.

"हलू नकोस," बाबा म्हणाले.

बुडबुडा मध्ये येईना. मी श्वास धरला. बाहेर कुणीतरी पंक्चर सायकल घेऊन आलं होतं, घंटी वाजवत होतं. माझे पाय वळवळत होते. आणि तेवढ्यात दारातून भूगोल सर साहेबांना हळूच म्हणाले, की तुम्ही काहीही म्हणा, यंदा पाणी सोळा दिवस राहणार.

माझ्या तोंडात उत्तर तयार होतं, चांगलं धारदार. मी ते गिळलं. बाबांची पेन्सिल कानाशी पोचली होती.